खांद्यावरचा मनोरा : ‘नूडल्स ऑन अ बायसिकल’ या चित्रपुस्तकातील श्रमाचे चित्रण

प्रस्तावना

मराठीत बालसाहित्याची समीक्षा होते, परंतु तिचा रोख प्रामुख्याने कथा, कविता आणि नाट्य या प्रकारांकडे असतो. चित्रपुस्तक हा प्रकार मात्र उपेक्षित राहतो. अक्षरओळख होण्यापूर्वी मुलाला गुंतवून ठेवण्याचे एक साधन, एवढीच त्याची ओळख अनेकदा मानली जाते. वस्तुतः चित्रपुस्तकात शब्द मोजके असतात आणि चित्राला निवड करावी लागते. काय दाखवायचे, कोणाला मध्यभागी ठेवायचे, कोणाला कडेला सारायचे हे प्रत्येक पानावर ठरवावे लागते. त्यामुळे एखादा समाज कोणाचे काम पाहण्याजोगे मानतो, याचा पुरावा म्हणून चित्रपुस्तकाकडे पाहता येते.

क्यो मॅक्लिअर यांनी लिहिलेले आणि ग्रेसी झँग यांनी चित्रित केलेले ‘नूडल्स ऑन अ बायसिकल’ हे इंग्रजी चित्रपुस्तक या दृष्टीने विचारात घेण्यासारखे आहे. रँडम हाऊस स्टुडिओ या प्रकाशनसंस्थेने ते २०२४ साली प्रसिद्ध केले. विसाव्या शतकातील टोकियो शहरात सायकलवरून, एका खांद्यावर वाडग्यांचा उंच मनोरा तोलत, गरम सोबा पोचवणाऱ्या माणसांवर ते आधारलेले आहे. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकन ग्रंथालय संघटनेच्या बालविभागाने जाहीर केलेल्या कॅल्डेकॉट सन्मानाच्या पुस्तकांत त्याचा समावेश झाला. हा सन्मान चित्रकाराचा असतो, ही बाब येथे महत्त्वाची आहे. पुस्तकाचे बळ प्रथम चित्रात आहे, अशीच दखल त्यातून घेतली गेली.

प्रस्तुत लेखात एका प्रश्नाचा विचार केला आहे. कष्टाच्या कामाकडे आश्चर्याने पाहायला शिकवणारे पुस्तक त्या कामाचा मान वाढवते, की कामाचे कष्ट झाकते? हा प्रश्न केवळ जपानपुरता किंवा केवळ बालवाचकापुरता नाही. श्रम करणाऱ्या माणसाविषयी पाठ्यपुस्तकातून, चित्रातून आणि वर्गातील बोलण्यातून जे संस्कार होतात, त्या सर्वांना तो लागू होतो.

देमाए : एका शब्दाचे तीन अर्थ

पुस्तकाचा विषय समजून घेण्यासाठी ‘देमाए’ हा जपानी शब्द पाहावा लागतो. त्यातील पहिल्या भागाचा अर्थ बाहेर पडणे. दुसरा भाग एका माणसाच्या वाट्याचे अन्न मोजताना वापरला जातो, आणि शब्दाची एक व्युत्पत्ती त्याच आधारे दिली जाते. दुकानातून बाहेर गेलेला वाटा, असा तो अर्थ. जपानी शब्दकोशात देमाए या शब्दाखाली अन्न पोचवण्याची क्रिया, पोचवलेले अन्न आणि पोचवणारा माणूस असे तीनही अर्थ आढळतात. काम, पदार्थ आणि कामगार यांना एकच नाव आहे.

मराठीत हे तीन अर्थ वेगळे पडतात. ‘घरपोच’ हा शब्द क्रियेचा, ‘डबा’ हा वस्तूचा आणि ‘डबेवाला’ हा माणसाचा. मुंबईच्या डबेवाल्याची आठवण मराठी वाचकाला होणे स्वाभाविक असले, तरी दोन्ही व्यवस्थांतील भेद लक्षात ठेवणे आवश्यक आहे. डबेवाला घरचे अन्न घरापासून कामाच्या जागी नेतो. देमाए दुकानाचे अन्न गिऱ्हाइकाच्या दारी नेतो. एकात अन्न शिजवणारे आणि खाणारे एकाच घरचे असतात, दुसऱ्यात त्यांचा संबंध विक्रीचा असतो. साम्य एवढेच की दोन्हीकडे रिकामी भांडी परत न्यावी लागतात. देमाएच्या प्रथेत खाऊन झाल्यावर वाडगे बहुधा विसळून दाराबाहेर ठेवले जात आणि दुकानाचा माणूस ते नंतर उचलून नेई. अर्थात प्रत्येक फेरीमागे दुसरी फेरी असे. पोचवण्याचे काम अन्न पोचल्यावर संपत नसे.

एदोपासून टोकियोपर्यंत

सोबा म्हणजे उपवासाच्या दिवसांत भारतीय घरांत वापरल्या जाणाऱ्या कुट्टूच्या पिठाच्या बारीक शेवया. त्या थंड असतील तर बांबूच्या चौकटीवर वाढतात आणि सोबत बुडवून खाण्याचा रस्सा देतात. गरम असतील तर रश्शासह वाडग्यात वाढतात. टोकियोचे जुने नाव एदो. तोकुगावा राजवटीत, म्हणजे सतराव्या शतकाच्या आरंभापासून १८६८ पर्यंत, हे शहर सत्तेचे केंद्र होते. एकट्या राहणाऱ्या पुरुषांची, कारागिरांची आणि नोकरांची तेथे मोठी वस्ती होती. अशा शहरात झटपट मिळणारे, स्वस्त आणि पोटभरीचे अन्न लागत असे. सोबाने ती गरज भागवली. किटागावा मोरिसादा याने त्या काळच्या चालीरीतींची जी सविस्तर नोंद केली, तीत १८६० साली एदोमध्ये ३,७६३ सोबा दुकाने असल्याचा उल्लेख आहे. रात्री फिरून सोबा विकणारे या संख्येत धरलेले नाहीत.

दुकानांची इतकी दाटी असलेल्या शहरात अन्न दारी पोचवणे ही चैन राहत नाही. ती धंद्याची रीत बनते. त्यासाठी ‘ओकामोची’ नावाची मुठीची पेटी वापरात होती. तिचे झाकण पुढच्या बाजूने खाचेत वरखाली सरकते. जपानी सुतारकामात या प्रकारच्या झाकणाला आजही ‘केंदोन’ असे नाव आहे. घर बदलल्यावर नव्या शेजाऱ्यांना सोबा देण्याची आणि वर्षाच्या अखेरच्या रात्री सोबा खाण्याची चाल या अन्नाचे सामाजिक स्थान स्पष्ट करते. जपानी भाषेत सोबा या उच्चाराचाच ‘जवळ’ असाही अर्थ होतो. शेजाऱ्याच्या जवळ राहायला आलो, अशी कोटी त्या भेटीमागे आहे.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सायकल सर्वसामान्य झाली आणि देमाएचे चित्र बदलले. हातातल्या पेटीत मोजकेच वाडगे मावत. खांद्यावर फळी ठेवून तिच्यावर वाडग्यांचे थर रचले, तर एका फेरीत अनेक घरे होत. एक हात खांद्यावरच्या भाराला आणि दुसरा सायकलच्या मुठीला, अशी ती स्वारी असे. १९३० च्या दशकापासूनच्या टोकियोतील छायाचित्रांत हे दृश्य दिसते. मॅक्लिअर आणि झँग यांचे पुस्तक नेमके या दृश्यावर उभे आहे.

पुस्तकाची मांडणी

मॅक्लिअर यांचे वडील ब्रिटिश आणि आई जपानी. त्यांचा जन्म इंग्लंडमधला आणि वाढ कॅनडातील टोरांटो शहरातली. २०१९ साली त्यांनी ग्यो फुजिकावा या जपानी-अमेरिकन चित्रकर्तीच्या जीवनावरही एक चित्रपुस्तक लिहिले आहे. जपान हा त्यांच्या लेखनात आईच्या बाजूने येणारा देश आहे. तो पूर्ण परका नाही आणि रोजच्या वास्तव्याचाही नाही. सदर पुस्तक इंग्रजीत, प्रथम उत्तर अमेरिकेतील मुलांसाठी लिहिलेले आहे, हेही विसरता येत नाही. दुरून पाहणाऱ्याला जे दृश्य विलक्षण वाटते, ते जवळच्याला नित्याचे असते. हे पुस्तक दुरून पाहते आणि दुरून पाहण्याचा लाभ घेते.

तथापि लेखिकेने एक महत्त्वाचा निर्णय घेतला आहे. दृश्य पाहणारे डोळे तिने परदेशी पाहुण्याचे ठेवलेले नाहीत. पाहणारी मुले त्याच वस्तीतील आहेत. ती सकाळी निघणारे सोबावाले पाहतात, त्यांच्या खांद्यावरचा मनोरा डोळ्यांनी मोजतात आणि स्वतः तसा तोल सांभाळण्याची नक्कल करू पाहतात. ज्यांना रोज पाहण्याची सवय आहे त्यांनाही या कामाचे नवल वाटावे, यात कामाची थोरवी आहे. परक्याचे कुतूहल काही दिवसांत ओसरते. शेजारच्या मुलाचे कुतूहल मात्र अनुकरणाकडे जाते, आणि अनुकरण हीच शिक्षणाची पहिली पायरी होय.

झँग यांच्या चित्रांत रेषा हलती आणि सैल आहे. काटेकोर यांत्रिक रेषेने मनोरा काढला असता, तर तो इमारतीसारखा स्थिर वाटला असता. सैल रेषेमुळे तो डुलतो. चित्र स्थिर असते, सायकल चालती असते. या विरोधातून पुस्तकाचा ताण निर्माण होतो. पान उलटेपर्यंत मनोरा पडत नाही, परंतु पडणार नाही अशी खात्रीही वाचकाला मिळत नाही. चलच्चित्रात तोल गेला किंवा राहिला हे लगेच कळते. चित्रपुस्तकात मूल त्या क्षणावर हवा तेवढा वेळ थांबू शकते आणि थर मोजू शकते. विषयाला अनुरूप माध्यम सापडल्याचे हे चांगले उदाहरण आहे.

आश्चर्याची बाजू

या पुस्तकाचे पहिले यश म्हणजे त्याने कौशल्य दृश्य केले. अन्न पोचवणे हे अकुशल काम आहे, असा समज सर्वत्र आहे. शिजवणाऱ्याला कसब लागते, नेणाऱ्याला केवळ पाय लागतात, असे मानले जाते. गरम रश्शाचे वाडगे थरावर थर रचून, रहदारीतून, चढउतारावरून, एका हाताने सायकल हाकत नेणे यासाठी मानेपासून टाचेपर्यंत सारे शरीर शिकवावे लागते. शिवाय वेळेचे बंधन असते. रश्शात पडलेली शेवई मिनिटागणिक फुगते आणि मऊ पडते. म्हणजे नेणाऱ्याच्या गतीवर शिजवणाऱ्याचे कसब टिकते. पुस्तक हे तत्त्व सांगत बसत नाही, तर दाखवते. मुले नक्कल करू पाहतात तेव्हा हे काम कोणालाही जमणारे नव्हे, हे बालवाचकाला उपदेशावाचून कळते.

दुसरे यश स्थानाचे आहे. देमाए करणारा माणूस दुकानात मागे असतो आणि गिऱ्हाइकाच्या दारी क्षणभर दिसतो. पुस्तकाने त्याला मुखपृष्ठावर आणि पानाच्या मध्यावर आणले. खाणारे लोक आणि दुकाने त्याच्या भोवती येतात. ज्याच्या पाठीकडे शहर पाहते, त्याच्या चेहऱ्याकडे पुस्तक पाहते.

येथे जपानी भाषेतील एक रूढ वाक्प्रयोग तुलनेला घेण्यासारखा आहे. ‘सोबायानो देमाए’, म्हणजे सोबा दुकानाचे घरपोच अन्न, असे म्हटले की त्याचा अर्थ होतो वेळ मारून नेणारी सबब. गिऱ्हाइकाने उशीर का झाला असे विचारले, की दुकानातून उत्तर यावे ‘आत्ताच निघाला’, मग तो निघालेला असो वा नसो. भाषेने या व्यवसायाची आठवण गिऱ्हाइकाच्या वैतागातून जपली. मॅक्लिअर यांनी ती मुलाच्या कौतुकातून जपली. वैतागाच्या जागी कौतुक आले, ही मोठी सुधारणा आहे. परंतु दोन्ही दृष्टी पाहणाऱ्याच्या आहेत. प्रत्यक्ष खांद्यावरून हा व्यवसाय कसा दिसत होता, ही तिसरी दृष्टी अद्याप मिळालेली नाही.

खांद्याची बाजू

तिसऱ्या दृष्टीसाठी पुस्तकाच्या बाहेर जावे लागते. पारंपरिक सोबा दुकानात कामांची स्पष्ट विभागणी असे आणि प्रत्येक कामाला नाव असे. शेवया लाटून कापणारा, त्या उकळणारा, वाढणी जुळवणारा, दुकानात गिऱ्हाइकाकडे लक्ष देणारा अशी ती साखळी होती. बाहेर नेणाऱ्याला ‘सोतोबान’, म्हणजे बाहेरच्या कामावरचा, म्हणत. आतले आणि बाहेरचे हा भेद केवळ जागेचा नव्हता. चुलीजवळच्या कामाला कसबाचा मान मिळतो, रस्त्यावरच्या कामाला तो सहज मिळत नाही. चित्रपुस्तक बाहेरच्या माणसाला उचलून धरते हे खरे, पण दुकानातील या उतरंडीचा हिशेब मुलांच्या आनंदी नजरेत मावत नाही.

दुसरी गोष्ट वयाची आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानी शहरांत मनुष्यबळाची टंचाई निर्माण झाली. ग्रामीण भागातील माध्यमिक शाळा संपवलेली मुले-मुली गटागटाने शहरांतील कारखान्यांत आणि लहान दुकानांत पाठवली जाऊ लागली. एप्रिल १९५४ मध्ये ईशान्येकडील आओमोरीहून टोकियोच्या उएनो स्थानकाकडे अशा मुलांची विशेष आगगाडी निघाली. त्यानंतर जवळपास दोन दशके ही पद्धत चालू राहिली. या मुलांना ‘सोन्याची अंडी’ म्हणत. त्यांचे वय सुमारे १५ वर्षांचे असे. पुष्कळ जण मालकाच्या घरीच राहून दुकानात राबत. खाणावळी आणि सोबा दुकानेही अशाच हातांवर चालत.

हे लक्षात घेतले की पुस्तकातील दृश्याला वेगळी खोली येते. रस्त्याच्या कडेला उभे राहून टाळ्या पिटणारे मूल आणि खांद्यावर मनोरा घेऊन जाणारा पोरगा यांच्यात काही वेळा चारपाच वर्षांचेच अंतर असू शकत होते. एकाचे अनुकरण खेळ होते, दुसऱ्याचे अनुकरण नोकरी. एकाचा वाडगा पडला तर हसू येई. दुसऱ्याचा पडला तर अन्न, भांडे, गिऱ्हाईक आणि मालकाची मर्जी एकदमच जाई. पुस्तक खेळाची बाजू अतिशय नेमकी पकडते. नोकरीची बाजू त्याच चित्रात दडलेली आहे, परंतु ती उलगडून दाखवण्याचे काम पुस्तकाने हाती घेतलेले नाही.

तिसरी गोष्ट जोखमीची. १९५० नंतर टोकियोच्या रस्त्यांवर मोटारी वाढल्या. १९६० साली नवा रस्ता वाहतूक कायदा आला. खांद्यावर मनोरा घेऊन एका हाताने सायकल चालवणे वाढत्या रहदारीत दिवसेंदिवस धोक्याचे ठरत गेले. याच काळात यंत्राने या कामाची दखल घेतली. १९५८ साली होंडा कंपनीने ‘सुपर कब’ ही लहान दुचाकी बाजारात आणली. सोबा पोचवणाऱ्याला एका हाताने चालवता यावी, हा तिच्या रचनेमागील एक प्रसिद्ध विचार होता. म्हणून तिला हाताने दाबायचा क्लच दिला नाही. पुढे दुचाकीच्या मागे बसवायची, स्प्रिंगवर झुलणारी अन्नवाहक चौकटही आली. तिच्यामुळे रस्ता उंचसखल असला तरी रस्सा सांडत नसे. २०१७ साली सुपर कब मालिकेतील दुचाक्यांचे एकूण उत्पादन १० कोटींवर गेले.

या माहितीचा समीक्षेशी संबंध असा की, ज्या शारीरिक कसबाची पुस्तक पूजा करते, तेच कसब अभियंत्याला दूर करण्याजोगी अडचण वाटले. खांदा मोकळा व्हावा, दुसरा हात सुटावा, हीच तेथे प्रगती होती. मनोऱ्याचा लोप ही केवळ परंपरेची हानी नव्हती, वाहणाऱ्याची सुटकाही होती. हरवलेल्या गोष्टीविषयीची हळहळ कोणाच्या वतीने व्यक्त केली जाते, हे जुन्या शहरजीवनाची आठवण जागवणाऱ्या प्रत्येक कलाकृतीला विचारावे लागते.

काको सातोशी यांच्याशी तुलना

श्रमाचे चित्रण दुसऱ्या रीतीनेही करता येते, याचे उदाहरण जपानी चित्रपुस्तकांच्या परंपरेतच आहे. काको सातोशी (१९२६–२०१८) हे रसायन उद्योगात संशोधन करणारे अभियंते होते. नोकरी करतानाच ते कावासाकी येथील कामगारवस्तीतील मुलांमध्ये काम करत आणि त्यांना चित्रकथा दाखवत. १९५९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पहिल्या चित्रपुस्तकाचा विषय धरणबांधणीचा होता. शीर्षकाचा अर्थ ‘धरणावरचे काका’ असा करता येईल. सर्वेक्षणापासून धरण उभे राहीपर्यंतचे कामाचे टप्पे त्यात दाखवले आहेत.

दोन्ही पुस्तकांत कामगार केंद्रस्थानी आहे. फरक पाहण्याच्या रीतीत आहे. काको यांच्या पुस्तकात काम ही प्रक्रिया आहे. एका टप्प्यानंतर दुसरा का येतो, हे मुलाने समजून घ्यावे अशी अपेक्षा आहे. मॅक्लिअर आणि झँग यांच्या पुस्तकात काम हे एक करामतीचे दृश्य आहे. ते पाहून मुलाने थक्क व्हावे अशी अपेक्षा आहे. काको कामगाराला काका म्हणून नात्यात घेतात, येथे कामगार कसरतपटूसारखा कौतुकाच्या उंचीवर जातो. पहिल्या रीतीत समज वाढते, परंतु रुक्षतेचा धोका असतो. दुसऱ्या रीतीत ओढ वाढते, परंतु कामाचे कारण, मोबदला आणि मर्यादा मागे पडतात. एक रीत श्रेष्ठ आणि दुसरी कनिष्ठ असा निवाडा करण्याची आवश्यकता नाही. मात्र दुसऱ्या रीतीच्या पुस्तकाला शिक्षकाची जोड पहिल्यापेक्षा अधिक लागते, एवढे निश्चित म्हणता येते.

कसरतपटू हे रूपकही तपासून पाहावे लागते. कसरत करणारा प्रेक्षकांसाठी तोल सांभाळतो आणि प्रेक्षक त्यासाठीच पैसे देतात. देमाए करणाऱ्याला पाहण्यासाठी कोणी पैसे देत नव्हते. त्याचा तोल ही वस्तीला फुकट मिळालेली करमणूक होती. अधिक वाडगे एका फेरीत नेले तर मालकाचा वेळ वाचत होता, म्हणून मनोरा उंच होत होता. उंचीचे कारण हौस नव्हते. मुलाला मनोऱ्याची उंची दिसते, मोठ्या वाचकाने त्या उंचीचे कारणही पाहिले पाहिजे.

आजच्या काळाचा संदर्भ

देमाए हा शब्द इतिहासजमा झालेला नाही. १९६८ साली निस्सिन कंपनीने काढलेल्या झटपट नूडल्सच्या पाकिटावर ओकामोची घेतलेला पोरगा झळकला आणि त्या नूडल्सच्या नावातही हा शब्द होता. २००० साली सुरू झालेल्या ‘देमाए-कान’ या इंटरनेटवरील अन्नसेवेनेही तो उचलला. २०१६ च्या सप्टेंबरमध्ये ‘उबर ईट्स’ ने टोकियोत सेवा सुरू केली. सायकलवरचा सोबावाला पुन्हा रस्त्यावर आला, फक्त मनोऱ्याऐवजी त्याच्या पाठीवर चौकोनी पिशवी आली.

पूर्वीचा सोतोबान एका दुकानाचा माणूस होता. त्याचा मालक कठोर असेल, परंतु तो कोण हे ठाऊक असे. आजचा पोचवणारा कोणाचा माणूस, हाच वादाचा विषय आहे. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये जपानमधील उबर ईट्सच्या पोचवणाऱ्यांनी आपली संघटना स्थापन केली. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये टोकियोच्या कामगार आयोगाने, कामगार संघटना कायद्यापुरते हे पोचवणारे कामगारच आहेत आणि कंपनीने त्यांच्या संघटनेशी वाटाघाटी केल्या पाहिजेत, असा निर्णय दिला. ‘नूडल्स ऑन अ बायसिकल’ हे पुस्तक या निर्णयानंतर दोन वर्षांनी आले. पुस्तक जुन्या टोकियोचे असले, तरी त्याचा वाचक नव्या शहरातला आहे आणि त्याच्या दाराची घंटा रोज कोणीतरी वाजवत असते.

अध्यापनाच्या दृष्टीने

महाविद्यालयीन अध्यापकांना या पुस्तकाचा उपयोग तीन प्रकारे करता येण्यासारखा आहे. अध्यापक-शिक्षणाच्या वर्गात प्रथम शब्द झाकून केवळ चित्रे पाहावीत आणि पानाच्या मध्यभागी कोण आहे, कडेला कोण आहे, कोणाचा चेहरा दिसतो, याची नोंद करावी. चित्रवाचन हे कौशल्य आहे आणि ते शिकवावे लागते, हे भावी शिक्षकाला त्यातून उमगते.

भाषांतराच्या वर्गात देमाए या एकाच शब्दावर तास होऊ शकेल. ‘घरपोच’ म्हटले तर माणूस निसटतो. ‘डबेवाला’ म्हटले तर वेगळीच व्यवस्था आत येते. ‘डिलिव्हरी बॉय’ म्हटले तर प्रौढ माणूसही पोरगा ठरतो, आणि तसे ठरवण्यात त्याच्या कामाची किंमत कमी होते. मूळ शब्द ठेवून त्याचा अर्थ चित्रावर सोपवणे हा एक मार्ग आहे. कोणताही पर्याय निवडला तरी शब्दनिवडीत कामगाराविषयीची भूमिका असते, हे विद्यार्थ्याच्या लक्षात येईल.

समाजशास्त्र आणि वाणिज्य शाखांत हे पुस्तक आणि वर उल्लेखिलेला २०२२ चा निर्णय एकत्र वाचता येतील. पुस्तकातील माणसाला कौतुक मिळाले. निर्णयातील माणसांनी वाटाघाटीचा हक्क मागितला. कौतुक आणि हक्क यांत संबंध काय, एक असताना दुसरे लागत नाही काय, या प्रश्नावर विद्यार्थ्यांनी स्वतः मत बनवावे. वर्गात बसलेल्यांपैकी एखादा विद्यार्थी संध्याकाळी दुचाकीवरून जेवण पोचवत असेल, तर या चर्चेतला अधिकारी वक्ता तोच असेल. त्याला बोलण्याची सक्ती करू नये, पण तो बोलू इच्छील असे वातावरण असावे.

समारोप

‘नूडल्स ऑन अ बायसिकल’ हे उत्तम चित्रपुस्तक आहे. त्याचा विषय आणि माध्यम एकमेकांना शोभणारे आहेत. सामान्य समजल्या गेलेल्या कामातील कसब ते बालवाचकाच्या डोळ्यांसमोर आणते आणि हे करताना उपदेशाचा सूर लावत नाही. त्याची मर्यादा त्याच्या गुणातूनच येते. मुलाच्या नजरेतून पाहिल्यामुळे आश्चर्य अस्सल राहिले आणि त्याच नजरेमुळे वेतन, वय व जोखीम ही मोठ्यांच्या जगातील तथ्ये बाहेर राहिली. सहा वर्षांच्या मुलाच्या पुस्तकाकडून या सर्वांची मागणी करणे अन्यायाचे होईल. परंतु ते पुस्तक मुलाच्या हाती देणाऱ्या प्रौढाकडून ती करता येते.

आश्चर्य ही फसवणूक नव्हे. ज्याच्या कामाचे कधी नवल वाटले नाही, त्याच्या हक्काविषयी आस्था वाटणे कठीण असते. म्हणून क्रम असा असावा की, मुलाने आधी मनोरा पाहावा, थर मोजावेत, स्वतः तोल सांभाळून पाहावा. त्यानंतर शिक्षकाने विचारावे, एवढा भार एका खांद्यावर का होता आणि तो कोणी ठेवला? पहिले काम पुस्तकाने चोख केले आहे. दुसरे काम वर्गात व्हायचे आहे.